भिंतीवरचं तळं

नोकरी गेल्यापासून विलासनं सोफ्यावर जी बैठक मारली होती, ती मोडायचं नाव नाही. मग एके दिवशी त्यानं यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं पाहिली आणि बेंगळुरातल्या आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीच्या लॉबीतली मोठी भिंत रंगवायला घेतली. घोरपडी, वर्तुळं, कांगारू. कांगारू थेट घुशींसारखे दिसत होते, पण नवरा पुन्हा शीळ घालायला लागला होता. मला तेवढं पुरे होतं.

अध्यक्ष रघुनंदन यांना ते पुरे नव्हतं. "फ्लॅट बघायला येणारे विचारतात, इथे प्ले-स्कूल चालतं का?" रविवारी पेंटर बोलावून भिंत पांढरी करणार, असं त्यांनी जाहीर केलं.

त्याच आठवड्यात महादेवपुऱ्याच्या माझ्या ऑफिसात चित्रांचं प्रदर्शन घेऊन मार्लीन आली. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी चित्रकार, साठीची. त्यांच्यातही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, हे कळल्यावर माझी भीड चेपली. "आंटी, आमच्याकडे जेवायला या," म्हटलं. हेतू एकच. तिनं चार शब्द कौतुकाचे बोलावेत आणि रघुनंदन यांची दातखीळ बसावी.

जेवण झाल्यावर भिंतीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. विलास बक्षीस समारंभाला आल्यासारखा इस्त्रीच्या शर्टात.

"ही घोरपड कुणाची?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"यूट्यूबची," विलास म्हणाला.

"ही खूण माझ्या नवऱ्याच्या घराण्याची. त्यांना विचारल्याशिवाय मीसुद्धा काढत नाही. गोऱ्यांनी आमच्या जमिनीला कुंपणं घातली, गुरं सोडली, आम्हाला हाकललं. तेव्हा माझ्या आईनं आमचे पाणवठे कॅनव्हासवर काढले. ही नक्षी नाही रे, आमची जमीन आहे. पुढे जमिनीच्या दाव्यात आम्ही तीच चित्रं पुढे केली. तुझी जमीन कुठली?"

"दुसरा मजला, दोनशे चार."

ती पोट धरून हसली. विलासचा चेहरा पार उतरला. मला तिचा असा राग आला की वाढलेली पुरणपोळी परत घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या रत्नाबाई अक्का बाहेर आल्या. यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात. "काय म्हणती ही?" मी सांगितलं.

"जमीन कुठली इथं? केरे होती की, हे एवढं मोठं तळं! काठाला माझ्या मावशीचं शेत होतं. तुमी सगळे पाण्यात राहता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्लीन विलासला म्हणाली, "मग ते काढ. पण हिला विचारून."

शनिवारी विलासनं स्वतःच्या हातानं घोरपडी, कांगारू सगळे पुसले आणि तळं काढायला घेतलं. अक्का खुर्ची टाकून बसल्या. "स्वल्प डावीकडं. हां, सरी, बरोबर. इथनं पाणी आत यायचं." ते 'इथनं' म्हणजे आमच्या बेसमेंटचा उतार निघाला. संध्याकाळी पावसाची जोराची सर आली. पाणी त्याच वाटेनं आलं आणि रघुनंदन यांच्या नव्या गाडीत शिरलं.

रविवारी पेंटर आले. रघुनंदन पँट दुमडून भिंतीसमोर उभे होते. "विलास," ते हळूच म्हणाले, "गाडी लावायला कोरडी जागा कुठे आहे यात?" विलासनं बोट ठेवलं. पेंटर चहा पिऊन परत गेले.

मग विलासनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि तळ्याच्या मधोमध एक ठिपका दिला. "हे आपण," तो मला म्हणाला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आं! तिथं नको," अक्का ओरडल्या. "तिथं मावशीची म्हैस डुंबायची. स्वल्प सरक की!"

विलासनं ठिपका पुसला, आणि अक्का "हां, सरी" म्हणेपर्यंत आमचं घर सरकवत राहिला.