गेन्काईंच्या पेल्यातली काजळी

सकाळची स्नानं उरकली होती आणि सुगिनोयुच्या झऱ्यापाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. झरा कढत, लोखंडाचा. नवा पंचा तिसऱ्या दिवशी विटकरी होतो. भाताची कापणी संपवून तीन आठवडे अंग शेकायला आलेली माणसं तसलेच पंचे खांद्यावर टाकून टाचा उंचावत होती. मधोमध उभे होते डोंगरावरून उतरलेले तपस्वी गेन्काई. त्यांनी शंख फुंकला.

"सात शिखरांच्या दवाचं तीर्थ! तोंडात घ्या. गिळू नका, घोळवा. आता पेल्यातल्या झऱ्याच्या पाण्यात टाका!"

इसाबुरो सुतारानं चिनीमातीच्या पेल्यात चूळ टाकली. गेन्काईंनी मंत्र धरला. मंत्र लांब होता, आणि खोटं कशाला बोला, चाल गोड होती. तो संपेपर्यंत पेल्यातलं पाणी शाईसारखं काळं झालं.

"अरे बाप रे! हे माझ्या पोटात होतं?"

"यकृताची काजळी. दुपारी जेवल्यावर सुस्ती येते?"

"येते की!"

"बघा!"

लोकांनी बघितलं. जेवल्यावर सुस्ती येत नाही असा माणूस त्या गर्दीत एकही नव्हता.

कियोनोचं लक्ष मात्र पेल्याकडे नव्हतं, नवऱ्याच्या पायांकडे होतं. तोकुझोचं हृदय अशक्त. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली होती. पण ‘औषध आणि तीर्थ एका पोटात नांदत नाहीत’ असं गेन्काई म्हणाले, आणि सहा दिवस बाटलीचं बूच निघालं नाही. पहिल्या दिवशी तोकुझोच्या पेल्यात डांबर होतं. रोज फिकं होत होत काल ते राखेच्या पाण्याइतकं उरलं. आजार निघून चालला, असं पेला सांगत होता. पाय पेल्याचं ऐकत नव्हते. नडगीवर बोट दाबलं की ओल्या पिठासारखा खळगा पडे. आज सातवा दिवस. आज पाणी स्वच्छ निघालं की बाटली नदीत ओतायची होती.

"अहो, एवढ्याशा पायऱ्या चढताना तीनदा बसलात तुम्ही."

"काजळी सुटताना दम लागतो. महाराज म्हणालेत."

"आणि काजळी नसेलच, तर कशानं लागतो?"

तोकुझो चौथ्यांदा खाली बसला. त्याला दम लागला होता.

तेवढ्यात त्याची आई, ऐंशीला टेकलेल्या ओसेआजी, काठी टेकत पुढे सरकल्या. वाटेतल्या प्रत्येक दगडी देवाला हात जोडत आल्यामुळे त्यांना उशीर झाला होता.

"महाराज, लेकाआधी मला घ्या. त्याचं काही उरलं असेल तर माझ्या अंगावर येऊ दे."

गेन्काईंकडे तीर्थाचे दोन पोकळ भोपळे होते, एक लाल दोरीचा, एक पांढऱ्या. नव्या माणसाला लाल, मग रोज थोडं पांढऱ्यातलं जास्त. आजींनी लाल भोपळ्यातलं तीर्थ घोळवलं, थबकल्या, आणि सरळ गिळलं.

"गिळू नका म्हटलं ना, आजी!"

"चव बघितली रे. अगंबाई, हे तर दात काळे करायचं दातवण!"

आजी हसल्या. लग्नापासून नेमानं रंगवलेले त्यांचे दात लाखेसारखे काळेभोर चमकले.

"गंजक्या खिळ्यांचं पाणी लावायचं आणि वर हे तुरट चूर्ण. साठ वर्षं करतेय. वेगवेगळं ठेवलं तर दोन्ही गरीब, एकत्र आलं की काळंकुट्ट. इथे लोखंड झऱ्यात आणि चूर्ण भोपळ्यात. की लग्नाच्या दिवसापासून माझ्या तोंडात आजारच बसलाय, महाराज?"

गर्दीत खसखस पिकली.

"देवी कोपेल!" गेन्काई गरजले.

कियोनोनं आधी झऱ्याच्या देवीला वाकून नमस्कार केला. मग दोन पेले झऱ्याच्या पाण्यानं भरले, तिसरा नदीच्या. पहिल्यात लाल भोपळा ओतला, दुसऱ्यात पांढरा, नदीच्या पाण्यात पुन्हा लाल.

"कुणी तोंड लावायचं नाही. महाराज, तुम्ही मंत्र म्हणा. तेवढाच वेळ जाईल."

गेन्काईंना मंत्र आठवेना. वेळ मात्र मंत्रावाचूनही गेला. पहिला पेला काळा झाला, दुसरा राखेसारखा. नदीचं पाणी लाल भोपळ्यानं फिक्या चहासारखं झालं होतं, तसंच राहिलं.

"हा कुणाचा आजार?" इसाबुरोनं विचारलं.

"लाल भोपळ्याचा," मागून कुणीतरी म्हणालं. "पांढरा बरा होत आलाय!"

झऱ्याच्या पाण्यात तुरट चहाही काळा पडतो, हे गावातल्या प्रत्येक चुलीला ठाऊक होतं. देवीला चहा चालत नाही, असं म्हणून सगळे नदीवरून पाणी आणत. का चालत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या कुणी विचारलं नव्हतं.

शिखरावरून बोलावणं आल्याचं सांगून गेन्काई निघाले. रस्ता मात्र त्यांनी उताराचा धरला.

कियोनोनं बाटलीचं बूच काढलं. "अहो, तोंड उघडा."

तोकुझोनं थेंब घेतले, तोंड वाकडं केलं आणि आईकडे बघितलं. आजी डोळे पुसत होत्या.

"मग आजी," इसाबुरो हळूच म्हणाला, "देवीला मानायचं की नाही?"

"मानायचं तर! तिच्या पाण्यात पाय शेकावेत, शीण जातो. तिच्यापुढे हात जोडावेत, मन निवतं. हृदयाचं औषध डॉक्टरांच्या बाटलीतून घ्यावं. आणि पेल्यात आजार काढून दाखवतो असं कुणी म्हणालं, तर त्याला म्हणावं, बाबा रे, तोच पेला आता माझ्या तोंडावाचून काळा करून दाखव."

असं म्हणून आजींनी गेन्काईंचा मागे राहिलेला लाल दोरीचा भोपळा काखेत मारला. दातवण उत्तम होतं.