बाबाची हिरवी खूण

भोंगा वाजला, पडदा लालभडक झाला आणि हॉस्पिटलच्या दालनात जमलेल्या शंभरेक माणसांनी एकदम "अरे बाप रे!" केलं. एका नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला, पण टाळ्यांच्या कडकडाटात तेही खपून गेलं.

"पाहिलंत?" टायवाला विक्रेता म्हणाला. "या रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी. डॉक्टरांनी चुकून त्याच घराण्यातलं औषध लिहिलं. नाव वेगळं, तरी आमच्या प्रणालीनं ओळखलं! माणूस थकतो, माणूस विसरतो. प्रणाली थकत नाही, विसरत नाही, चहाला जात नाही!"

'चहाला' म्हणताना त्यानं माझ्याकडे का पाहिलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिथला फार्मासिस्ट. औषधांच्या खिडकीमागे माझी एकवीस वर्षं गेली आणि चहा मी खिडकीतच पितो.

त्या दिवसापासून या सॉफ्टवेअरचं नाव 'बाबा' पडलं. डॉक्टर औषध लिहीत, बाबा पडद्यावर क्षणभर गोल गोल फिरत आणि बरोबरची हिरवी खूण देत. मग डॉक्टर मान हलवत, नर्स मान हलवे आणि रुग्णही समाधानानं मान हलवे. "बाबानं हिरवं दिलं ना? मग झालं तर!"

पूर्वी मी खिडकीत प्रत्येकाला विचारायचो, "कुठल्या औषधानं कधी अंगावर उठलंय का? दम कोंडलाय का?" हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी ती सवय मोडली. "अहो, रांग लांबते. नोंदणीला विचारतात, बाबा तपासतो. तुम्ही हिरवं बघा आणि द्या." मी कुरकुर केली, तीही एकदाच. मग मीसुद्धा हिरवं बघू लागलो, कारण खरं सांगायचं तर रांग खरंच लवकर संपायची.

दालनात एक फलकही लागला. 'एकही लाल इशारा नाही', आणि खाली दिवसांचा आकडा. तो शंभरावर पोचला त्या सकाळी समारंभ ठेवला होता. टायवाला नवा टाय लावून आला होता. "शंभर दिवसांत एकही इशारा नाही! याचा अर्थ काय? एकही चूक नाही!" पुन्हा टाळ्या.

नेमक्या त्याच वेळी माझ्या खिडकीपुढे बाई उभ्या राहिल्या. शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्यांच्यासमोर माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या होत्या. मी हिरवं पाहिलं आणि पाकीट पुढे केलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्यावरचं नाव वाचलं.

"अरे, ही तर सल्फाची गोळी."

"हो बाई."

"मला सल्फा चालत नाही. मागे एकच गोळी घेतली, तर तासाभरात घसा सुजला. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. आज नोंदणीच्या मुलीला सगळं सांगितलंय मी."

"पण बाई, बाबानं हिरवं..." शब्द तोंडातून निसटले आणि मला माझीच लाज वाटली.

"कोण बाबा?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. बाईंनी आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे त्या पाहायच्या, तसंच.

नोंदणीची मुलगी धावत आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मी लिहिलंय हो, हे बघा!" खरंच लिहिलं होतं. 'इतर नोंद' नावाच्या चौकटीत: सल्फाने घसा सुजतो. आजी पुन्हा पुन्हा सांगून गेल्या आहेत, नक्की बघणे.

"रोज किती माणसं येतात इथे?" बाईंनी विचारलं.

"दोनशेच्या वर," मी म्हणालो.

"आणि शंभर दिवसांत एकालाही चुकीचं औषध लिहिलं गेलं नाही? अरे, घंटा वाजली नाही म्हणजे चोर आला नाही, की घंटेची तारच तुटलीय? चल, प्रयोग करू."

भाषण थांबलं. सगळी गर्दी माझ्या खिडकीकडे वळली. मोठे साहेबही पुढे आले.

"त्याच चौकटीत लिही," बाई म्हणाल्या. "या बाईला ही गोळी दिली, तर ती मरेल."

मी लिहिलं. बाबा गोल फिरले. हिरवं.

"आता लिही, ही बाई कालच वारली."

बाबा पुन्हा फिरले. हिरवं! दालनात हशा पिकला. मोठे साहेब मात्र हसले नाहीत.

टायवाल्यानं टाय सैल केला. "ती चौकट फक्त माहितीसाठी आहे. प्रणाली ती वाचत नाही. ॲलर्जी यादीतून निवडावी लागते. मी दाखवलं तेव्हा यादीतूनच निवडली होती."

"मग निवड यादीतून," बाई मला म्हणाल्या. मी सल्फा निवडलं. भोंगा केकाटला, पडदा लाल झाला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

"तू यादीतून का नाही गं निवडलंस?" बाईंनी मुलीला मऊ आवाजात विचारलं.

"चारशे इंग्रजी नावं आहेत, आजी. स्पेलिंग चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोरचा म्हणतो, 'ती मोठी पांढरी गोळी', मागे रांग ओरडते. हे टायवाले साहेबच शिकवायला आले होते, चौकट दाखवून म्हणाले, इथे काहीही लिहा. कुणी वाचत नाही, हे नाही म्हणाले."

"आणि यादीतून काहीच निवडलं नाही, तर बाबा काय दाखवतो?"

"हिरवं," टायवाला पुटपुटला.

"म्हणजे तपासलं आणि धोका नाही, तरी हिरवं. तपासायला काही नव्हतंच, तरीही हिरवं. कोऱ्या पेपराला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते, तर तुझ्या वर्गातले निम्मे आज शास्त्रज्ञ असते!"

मोठ्या साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून फलक उतरवला. त्यासाठी मी त्यांना मानतो. मग आम्ही शंभर दिवसांच्या चौकटी उघडून बसलो. 'उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डावीकडून बोलणे.' 'सुईला फार घाबरतात.' आम्ही हसत होतो. 'पेनिसिलिनने अंगभर गांधी.' 'दुखण्याच्या इंजेक्शननंतर बेशुद्ध.' हसणं थांबलं. त्या मुलीनं सगळं इमानानं लिहिलं होतं आणि आमच्यापैकी एकानंही ते वाचलं नव्हतं.

बाईंना डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. "बाई, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच. एकवीस वर्षं विचारत होतास ना? मग सोडलंस कशाला?"

यंत्राशी माझं भांडण नाही. त्याला नीट सांगितलं, तर ते नीट ओरडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण हिरवं दिसलं की एवढंच विचारा, यानं नेमकं काय तपासलं? आणि तुम्हाला ज्या औषधाचा त्रास होतो ते डॉक्टरला सांगा, नर्सला सांगा, खिडकीतही सांगा. कुणी कंटाळलं तरी सांगा.

बाई गेल्यावर रांगेतले पुढचे आजोबा आले. दर महिन्याला येणारे, माझ्या ओळखीचे. मी हिरवं पाहिलं, पाकीट हातातच ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

"होतो की, पेनिसिलिनचा," आजोबा म्हणाले. "पण तीन महिने तुम्ही विचारलंच नाहीत. मला वाटलं, आता कुणालाच होत नसेल."