उशीवरचं तिकीट

कार्डिफच्या स्टॅम्प जमवणाऱ्यांच्या क्लबात उल्हासला कुणी फारसं मोजत नसे. बाकीचे राणीच्या चित्राची तिकिटं जमवत आणि हा अमेरिकेतली. तीही पोस्टाची नव्हेत, तर गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून तिथल्या राज्यांनी काढलेली. अंडी तपासली आहेत, गादीत जुना कापूस कोंबलेला नाही, असली हमी देणारी. व्यापाऱ्यानं सरकारकडे फी भरायची आणि मालावर तिकीट लावायचं.

"ही लेबलं आहेत," क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात अध्यक्ष मिस्टर डेव्हिस दरवर्षी म्हणत, पाटीवर तसंच लिहीत आणि उल्हासच्या तिकिटांची फ्रेम टॉयलेटच्या दाराशेजारी लावत. उल्हासच्या जिवाला ते फार लागे. आपल्या तिकिटांना एकदा तरी कुणी स्टॅम्प म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

यंदा त्यानं हुकमाचा एक्का मागवला: शिवणीत तिकीट शाबूत असलेली जुनी, अख्खी उशी. तिकिटावर लिहिलेलं, 'आतला माल पूर्णपणे नवा.' प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो ऑफिसातून घरी आला, तर सोफ्यावर तीच उशी टम्म फुगून बसलेली.

"आई, हे काय केलंस?"

"नव्यानं भरली," नागपूरहून आलेल्या यमुनाबाई म्हणाल्या. "कुणाच्या डोक्याखालची कोण जाणे, आत नुसते गोळे! तुमच्याकडे पिंजारी मिळेना, मग मीच उसवली. आणि कापूस कसला रे, सगळ्या चिंध्या. हा बघ, कुणाचा तरी पायमोजा."

उल्हासनं घाईघाईनं शिवण तपासली. आईनं दुसऱ्या बाजूनं उसवल्यामुळे तिकीट वाचलं होतं, पण अख्खी उशी गेली ती गेलीच.

"अगं, ओरिजिनल होती ती!"

"कसली ओरिजिनल! चक्क फसवलंय गिऱ्हाइकाला."

उल्हासनं तिकिटाकडे पाहिलं, मग पायमोज्याकडे. आणि रडायचं सोडून तो कचऱ्याच्या डब्याकडे धावला.

दुसऱ्या दिवशी उशीशेजारी पारदर्शक पिशवीत चिंध्या आणि पायमोजा दिमाखात मांडले होते. टॉयलेटला निघालेली माणसं तिथंच रेंगाळू लागली. गर्दी पाहून डेव्हिसही आले.

"म्हणजे तुमचं लेबल चक्क लाय करत होतं तर!"

"लाय करायला त्या माणसानं सरकारी स्टॅम्प विकत घेतला, मिस्टर डेव्हिस," उल्हास म्हणाला. "लेबलवर भागलं असतं, तर फी कशाला भरली असती?"

डेव्हिसनी वाकून तिकीट पुन्हा वाचलं. मुलाबरोबर आलेल्या यमुनाबाईंना मात्र त्यातलं 'लाय' तेवढं कळलं आणि आपण भरलेल्या उशीलाच खोटं म्हणतायत असं वाटून त्यांचा पारा चढला. त्यांनी अध्यक्षांचा हात धरून थेट उशीत दाबला.

"नाऊ ऑल न्यू! यू चेक!"

डेव्हिसनी निमूटपणे चेक केलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी पाटीवरचं 'लेबल' खोडलं आणि वर 'स्टॅम्प' लिहिलं. उल्हासचे डोळे भरून आले. त्यानं भर हॉलमध्ये वाकून आईला नमस्कार केला.

"पुरे, पुरे," यमुनाबाई म्हणाल्या. "निघताना उशी घे बाबा आठवणीनं. माझ्या खोलीतली फार बसलीय."