अकरा माणसांचा कुकर

मित्रांनो, माझ्यात एका वेळी अकरा माणसांचा वरण-भात शिजतो, आणि गेली चौदा वर्षं माझ्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या होत्या. मी एक जुना प्रेशर कुकर आहे. बारा लिटरचा, ॲल्युमिनियमचा, दोन बाजूंना दोन कान असलेला. हैदराबादेत हिमायतनगरच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. माळ्याला दार नाही, त्यामुळे खालचा ओटा आणि जेवणाचं टेबल मला सरळ दिसतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते आबिड्सच्या भांड्यांच्या दुकानात, १९७९ सालच्या दिवाळीआधी. भगवंतराव नावाचे पोस्टातले कारकून तिथे आले. दुकानदारानं त्यांच्यापुढे पाच लिटरचा कुकर ठेवला, तसे ते हसून म्हणाले, "भाई, ये तो हमारे बच्चों को बी नै होता. ऊपर का निकालो." वरचा म्हणजे मी. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून त्यांनी मला घरी नेलं.

घर म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. भगवंतराव, त्यांची आई, थोरले भाऊ प्रतापराव, धाकटे नागोराव, तिघांच्या बायका, मुलं, आणि नांदेडकडच्या गावातून शिकायला म्हणून आलेलं कुणी ना कुणी. मोजून अकरा ताटं. भगवंतरावांची बायको पार्वतीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांची. सकाळी साडेआठला ती मला गॅसवर चढवायची, आणि माझी तिसरी शिट्टी झाली की गल्लीतली पोरं दप्तर उचलायची. माझ्या शिट्टीवर शाळा चालते असं शेजारी म्हणत. मला त्याचा भारी गर्व होता. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

आता माझ्या सगळ्यात मोठ्या फुशारकीची गोष्ट सांगतो. नागोराव ज्या कारखान्यात होते त्याला टाळं लागलं. त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. ते रोज सकाळी डबा घेऊन पूर्वीसारखेच बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. दिवसभर कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे असतात, हे भगवंतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात सगळ्यांना कळलं. पण म्हाताऱ्या आईनं बजावलं, "त्याला कुणी काही विचारायचं नाही. त्याचं मन मोडंल." आणि खरोखरच कुणी विचारलं नाही. पार्वतीबाईनं तांदळाचं माप तेवढंच ठेवलं, वरण थोडं पातळ झालं, इतकंच. असे एकोणीस महिने गेले. मग नागोरावांना नांदेडला एका शाळेत नोकरी मिळाली आणि ते तिकडे गेले. एका माणसाची नोकरी गेली आणि अकरा जणांच्या पंगतीत कुणालाही ती गेल्याचा आवाज आला नाही, हे मी किती वर्षं मनातल्या मनात मिरवलं. त्याच काळात प्रतापरावांच्या मुलीची, जयवंताची, शाळा सातवीतच थांबली. तेही कुणी बोललं नाही. खरं सांगायचं म्हणून हेही सांगतो.

पुढे एकेक ताट उठत गेलं. प्रतापराव आपल्या बिऱ्हाडासकट वेगळे झाले. मुली सासरी गेल्या, शिकायला आलेले शिकून मोठे झाले, म्हातारी आई गेली. भगवंतरावांनी त्याच गल्लीत हा फ्लॅट घेतला, तेव्हा माझ्यात पाच माणसांचा भात व्हायचा. मग चौघांचा. मग पार्वतीबाईंनी तीन लिटरचा एक चिमुकला कुकर आणला. त्याची शिट्टी ऐकून मला हसू आलं होतं. हसू नंतर मावळलं, कारण मला माळ्यावर चढवण्यात आलं.

भगवंतराव वारल्यावर घरात एकच ताट राहिलं. मुलगा अनिरुद्ध मोठ्या संगणक कंपनीत लागला होता. तो, त्याची बायको माधवी आणि मुलगी रेणुका शहराच्या पश्चिमेला राहायला गेले. तिथे म्हणे तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं त्यात भरली आहेत. मला हे कोडं काही सुटत नाही. शहर एवढं फुगलं की रस्ता ओलांडायला पार्वतीबाईंना पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. मग इतकी सगळी माणसं जेवतात तरी कुठे? आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. पूर्वी सकाळी बारा घरांतून शिट्ट्या यायच्या. आता मी नीट कान देऊन ऐकतो तेव्हा दोन-तीन येतात, त्याही एखाद-दुसऱ्याच.

रेणुका तीन वर्षांची असताना पार्वतीबाईंनी एकदा सुनेला म्हटलं होतं, "हिला एक भाऊ-बहीण असू दे की." माधवी कणीक मळत होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, हौस मलाही आहे. पण घराचे हप्ते वीस वर्षांचे आहेत, आणि हिच्या एकटीच्या शाळेला जे लागतं त्यात तुमचं सगळं घर शिकलं असतं. दोघांचं अर्धं-अर्धं करण्यापेक्षा एकीचं पूर्ण करू." पार्वतीबाईंना जयवंता आठवली असावी. त्या पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

तर मित्रांनो, असं माझं चाललं होतं. पोटात पिशव्या, अंगावर धूळ. खाली पार्वतीबाई मूठभर तांदूळ शिजवून भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. कधी कधी जेवताना त्या मोठ्यानं बोलायच्या, "मीठ कमी पडलं आज." मी सोडून ऐकायला कुणी नसायचं.

आणि मग गेल्या वर्षी श्रावणात, एका मंगळवारी सकाळी दहाला, पाठीला लॅपटॉपची बॅग लावून अनिरुद्ध दारात उभा राहिला. "आई, ऑफिसनं घरून काम करायला सांगितलंय. आमच्याकडे बांधकामाचा फार आवाज आहे. इथंच बसत जाईन." पार्वतीबाईंचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. त्या दिवशी त्यांनी आंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

रोज दहाला यायचा, सहाला जायचा. टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. पण त्याचा फोन वाजत नव्हता. पूर्वी तासाभरासाठी आला तरी चारदा उठून बाल्कनीत बोलायला जाणारा मुलगा हा. आता तो दिवसभर पडद्याकडे बघायचा, आणि बोटं चालत नसायची. दुसऱ्या आठवड्यात पार्वतीबाई चहा ठेवायला त्याच्या पाठीमागून गेल्या, पडद्यावरच्या नोकरीच्या जाहिराती बघून क्षणभर थांबल्या आणि चहा ठेवून परतल्या. त्यांना कळलं होतं. मला त्यांच्या खांद्यांवरून समजलं. अशाच खांद्यांनी त्या नागोरावांना वाढायच्या.

त्यांनी विचारलं नाही. घराची रीतच तशी होती. तांदळाचं माप तेवढं वाढवलं. मीही माळ्यावरून मान डोलावली, मला मान असती तर. वाटलं, बरोबर आहे, आपल्या घरात असंच करतात. पण मित्रांनो, यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगताना मला थोडं जड जातं. पार्वतीबाई त्या दिवसांत सुखात होत्या. सकाळी नऊपासून त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. भिंतीकडे तोंड करून जेवणं बंद झालं होतं. मीठ कमी पडलं तर सांगायला समोर माणूस होतं.

तीन महिने असे गेले. अनिरुद्ध वाळत चालला होता. अर्धी भाकरी ताटात राहायला लागली. एका दुपारी तो खाली औषधाच्या दुकानात गेला असताना माधवीचा फोन आला. पार्वतीबाईंना नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतात आणि मोठ्यानं बोलतात. माधवी विचारत होती, "आई, अनिरुद्ध तिकडे आलाय का? त्याच्या ऑफिसातली एक बाई भेटली, तिच्या बोलण्यातून मला काहीतरी वेगळंच वाटलं."

टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता. पार्वतीबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "नाही गं. इकडं कशाला येईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांनी नांदेडला नागोरावांना फोन लावला. आता नागोरावही सत्तरीच्या घरात आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पार्वतीबाई म्हणाल्या, "भावजी, एक विचारू का? तुमची नोकरी गेली होती तेव्हा आम्ही कुणी तुम्हाला काही बोललो नाही. बरं केलं ना आम्ही?"

पलीकडे नागोरावांनी आधी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"वहिनी, आज विचारायलाव म्हणून सांगतो," नागोराव म्हणाले. "ताट तुम्ही कधी हलकं केलं नाही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दहा माणसांतलं एक तरी 'नागोराव, काय झालं' म्हणंल म्हणून मी रोज वाट बघायचो. जेवायला बसलो की सगळे भाताकडं बघायचे, माझ्याकडं कुणीच नाही. मला वाटायचं, मी असलो काय अन् नसलो काय, ह्यांना सारखंच. दोनदा हुसेनसागरच्या काठापर्यंत जाऊन माघारी आलो."

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मित्रांनो, माझी तर फुशारकी तिथल्या तिथे विरली. चाळीस वर्षं मी जिला माझी थोर कामगिरी समजत होतो, तिच्यात एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत एकटं पडलं होतं. मी त्याचं पोट भरत होतो आणि त्यावर खूश होतो.

त्या दिवशी अनिरुद्ध आला. बाराला त्यांनी त्याला वाढलं. स्वतःचं ताट घेतलं नाही, त्याच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अनू, नोकरी गेली का रे?"

त्याचा घास हातातच राहिला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी माझं बघितलं, बाळा. तुझं नाही बघितलं."

तो रडला. बेचाळीस वर्षांचा माणूस, उष्ट्या हातानं तोंड झाकून रडला. त्यांनी त्याला रडू दिलं, मग हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "माधवीचा फोन आला होता काल. मी तिला खोटं सांगितलं. आज तू तिला खरं सांग. लपवायची आपली रीत चांगली नाही रे. मला आत्ता कळलं."

संध्याकाळी माधवी रेणुकेला घेऊन इथेच आली. ती चिडली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. "माझाही पगार आहे ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "घर दोघांच्या नावावर आहे, मग काळजी एकट्याच्या नावावर का केलीस?" मग तिनंच मार्ग काढला. पश्चिमेकडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा, हप्त्याचा बराचसा भार त्यावर जाईल, आणि काही जमेपर्यंत सगळ्यांनी हिमायतनगरला राहायचं.

ते इथे दोन महिने राहिले. पहिल्याच रविवारी अनिरुद्धनं मला खाली काढलं. पिशव्या उपसल्या, चिंचेनं घासलं. माझी रिंग पार कडक झाली होती. पार्वतीबाई नवीन आणायला कोठीला गेल्या आणि येऊन हसत सांगू लागल्या, दुकानदार म्हणाला, "अम्मा, इत्ता बड़ा कुकर अब किसके घर में रैता? होटलवाले लेते." रेणुका माझ्यात डोकावून म्हणाली, "आजी, हे हॉस्टेलचं आहे का?" चार माणसांचा भात माझ्या तळाशीच राहिला. तरी मी नेटानं शिजवला. जेवताना चौघं एकमेकांकडे बघून बोलत होते, कधी भांडतही होते. मुलाखतीला कुठून बोलावणं आलं, कुणी नाही म्हटलं, सगळं टेबलावर मांडलं जायचं. रेणुकेनं स्वतःच विचारलं, "बाबा, माझी स्कूल चेंज होणार का?" आणि अनिरुद्धनं तिला खरं सांगितलं, "हो, कदाचित."

सहाव्या आठवड्यात त्याला पुण्यात काम मिळालं. पगार पहिल्याहून कमी, पण काम पक्कं. माधवीनं तिकडे बदली मागून घेतली. "आई, तूही चल," अनिरुद्ध म्हणाला. पुण्याची जागा दोन खोल्यांची होती. पार्वतीबाई म्हणाल्या, "आधी तुमचा जम बसू दे. मी कुठं पळून चालले?" सामान गेलं, टॅक्सी गेली. त्यांनी ताटं घासली आणि मला पुसून पुन्हा माळ्यावर ठेवलं. स्टुलावर त्या एकट्याच चढल्या.

पार्वतीबाईंनी त्या दुपारी विचारलं नसतं, तर अनिरुद्ध आणखी काही दिवस रोज दहाला आला असता. विचारलं तर तो कुठेतरी दूर जाईल, हे त्यांना ताट वाढतानाच ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं. शेकडो पंगती वाढलेल्या बाईनं केलेलं सगळ्यात मोठं काम ते हेच, आणि त्यात माझा काडीचाही हात नव्हता.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या भांड्याचं एवढं ऐका. तुमच्या घरात चार माणसं असोत की दोन, कुणी गप्प-गप्प दिसलं तर नुसतं वाढून मोकळे होऊ नका. समोर बसा आणि काय झालं ते विचारा. ऐकून तुमची सोय मोडेल, ते माणूस तुमच्यापासून लांबही जाईल. तरी विचारा.

पुण्याहून रोज संध्याकाळी फोन येतो. आई जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का. पार्वतीबाई प्रत्येक प्रश्नाला "हौ, हौ" म्हणतात आणि फोन ठेवतात. एकटीला कसं वाटतं, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.