गोलात कोण उभा राहणार

दौंडच्या रेल्वेवाल्यांनी पोपट पार्टीला सात गोल घातले, तो रविवार १९४६ सालच्या दिवाळीच्या आधीचा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा भिंगारच्या मैदानाभोवतीच्या दोरीपाशी पन्नासेक माणसं उरली होती. एके काळी याच दोरीला माणसांच्या तीन-तीन रांगा लागत.

संघाचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. पोपटछाप विडीच्या कारखान्याचे शेठ हा हॉकीचा संघ पाळायचे आणि गड्यांच्या अंगात हिरवे सदरे असायचे, म्हणून ती पोपट पार्टी. अकराच्या अकरा पगारी. हजेरीपटावर कुणी तंबाखू तोलणारा, कुणी गठ्ठे बांधणारा, पण खरं काम चारनंतर मैदानावर. लढाईच्या आधी या पार्टीनं पुण्याहून दोनदा ढाल जिंकून आणली होती. मग निम्मे गडी फौजेत गेले. त्यातले काही परत आले, पण आधीसारखे नाही आले. या मोसमात नऊ सामने झाले आणि नऊही हरले.

यशया मास्तर मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. रविवारी सकाळी मिशनच्याच देवळात उपासनेला आणि दुपारी दोरीपाशी, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्या दिवशीही सातवा गोल होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग छत्री काखेत मारून गनीभाईच्या हॉटेलात आले. पत्र्याची शेड, तीन बाकं आणि धुरानं काळी झालेली भिंत, एवढंच ते हॉटेल. पण पोपट पार्टीचा प्रत्येक सामना आधी मैदानावर व्हायचा आणि मग दुसऱ्यांदा इथं व्हायचा.

कारखान्याचा मुकादम कानिफनाथ आधीच येऊन बसला होता. मास्तरांना बघून तो सरकला.

"मास्तर, बरं झालं आलात. शेठचा निरोप हाय. म्हनले, आनखी एक वरीस पार्टी चालवतो. पर आसं हरनं चालायचं न्हाई. मला खेळातलं कळत न्हाई, तुमी दोरीपाशी हुबी ऱ्हानारी मानसं, तुमाला कळतं. तुमीच बसून ठरवा कोन ठिवायचा आन् कोन काढायचा. उद्याच्याला सांगायचंय."

गनीभाईनं चहाची किटली खाली ठेवली. "शेठ आमाला विचारतो? मग पार्टी खरंच बुडाली म्हणायची."

कुणी हसलं नाही. बाकावर सात-आठ जण होते, आणि एकदम सगळेच बोलायला लागले.

कानिफनाथचं म्हणणं, गडी बाहेरून आणा. भोपाळचे दोन फॉरवर्ड आणि जबलपूरचा एक हाफ. पगार वाढवून दिला तर येतील. "हितल्या पोरांच्या पायात दमच न्हाई. चेंडू फुडं गेला की हे मागं बसून बगत्यात."

"आन् भोपाळवाला काय आपल्या भिंगारसाठी रडेल?" गनीभाई म्हणाला. "हरला तर बिस्तरा उचलून स्टेशनवर. मी सांगतो, वर्षभर हरा. पण भिंगारचीच पोरं खेळवा. तीन वर्षांत बघा."

"तीन वर्सं कोन थांबतंय? शेठ थांबंल व्हय?"

मग फुलबॅकांवर गाडी आली. दोघंही पस्तिशीचे, दोघंही पोट सुटलेले, एकालाही काढायला कुणी तयार नाही, कारण ढाल आणली ती त्यांनीच. मग सेंटर फॉरवर्डवर आली, आणि तिथं येऊन अडली. तो नवा पोरगा धावायचा बरा, पण गोलासमोर गेला की त्याचे हात थिजायचे.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणून गेलं, "फिलिप असता तर..."

वाक्य तिथंच थांबलं. सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं आणि मग बघणं बरं नव्हे म्हणून आपापल्या कपात बघितलं. फिलिप मास्तरांचा एकुलता मुलगा. पोपट पार्टीचा सेंटर फॉरवर्ड. बेचाळीस साली फौजेत ट्रक चालवायला गेला आणि चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात मणिपूरच्या डोंगरातून त्याच्याबद्दलची तार आली.

"चहा थंड होतोय," मास्तर म्हणाले.

कानिफनाथनं घसा खाकरला. "आता गोलकीपरचं बोला. नऊ सामन्यांत एकतीस गोल. डाव्या बाजूचा चेंडू दाऊदला दिसतच न्हाई का काय?"

"फुलबॅक लोण्यासारखे वितळतात, त्यात दाऊदचा काय गुन्हा?" गनीभाई एकदम चिडला. "लढाईत जाऊन आलाय तो. त्याला थोडा वेळ द्या. ढाल आणली तेव्हा गोलात कोण होता, विसरलात?"

"मी कुटं इसरलो? पर शेठला काय सांगू?" कानिफनाथ मास्तरांकडं वळला. "मास्तर, तुमीच बोला. तुमी म्हनाल तसं. दाऊद तुमच्या घरातलाच. तुमी ठेव म्हना, कोन काय म्हनंल बगू."

दाऊद खरोखरच घरातला होता. तो आणि फिलिप एकाच गल्लीत वाढलेले. मास्तरांनी लिंबाच्या फांदीतून दोघांना पहिल्या काठ्या तासून दिल्या होत्या. फिलिप चेंडू मारायचा, दाऊद अडवायचा. मास्तरांच्या घरामागची भिंत हा त्यांचा गोल. भरतीलाही दोघं बरोबर गेले. या वर्षी जानेवारीत दाऊद एकटा परत आला. आल्या दिवशीच मास्तरांच्या दाराशी आला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, मी त्याच्याजवळच होतो. तुम्हाला सांगायचंय." मास्तर उठून उभे राहिले. "नको. सांगू नकोस," म्हणाले आणि आत गेले. तेव्हापासून ते त्याच्याशी धड एक शब्द बोलले नव्हते. दर रविवारी सामना संपला की दाऊद दोरीकडं, ते उभे असत तिकडं बघायचा. ते छत्री उघडायचे, ऊन असो नसो.

आणखी एक गोष्ट होती, ती मास्तरांनी प्रार्थनेतसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. दाऊदच्या मागच्या जाळीत चेंडू गेला की त्यांच्या पोटात काहीतरी निवायचं. हा उभा आहे, हा श्वास घेतोय, याचे पाय धडधाकट आहेत, आणि हा हरला. असं क्षणभर वाटायचं, आणि मग घरी जाईपर्यंत स्वतःची लाज वाटायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"मास्तर?" कानिफनाथनं पुन्हा विचारलं.

"गोलकीपर बदला," यशया मास्तर म्हणाले.

गनीभाई त्यांच्याकडं बघतच राहिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खुद्द मास्तर म्हणतात म्हणजे त्यात काही खोट नसणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यावर कुणी वाद घातला नाही. तासभर चाललेल्या त्या गलक्यात तेवढी एकच गोष्ट एकमतानं ठरली.

घरी दयाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मास्तरांनी सदरा खुंटीला टांगला आणि विषय निघायच्या आधीच सांगून टाकलं, "पार्टीतून दाऊदला काढतायत."

"कोण काढतंय?"

"सगळ्यांनी ठरवलं."

"तुम्ही होतात ना तिथं?"

"होतो."

दयाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली तरी त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. "तुम्हीच म्हणालात," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

"त्याचा डावा हात चालत नाही. चेंडू अडत नाहीत. खेळाचा हिशेब खेळासारखाच करायचा असतो."

"हात का चालत नाही ते माहीत आहे तुम्हाला?"

 दयाबाईंनी तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि बसल्या जागी सांगायला लागल्या. त्यांचा आवाज इतका सरळ होता की मास्तरांना त्यांना थांबवताही आलं नाही.

"बुधवारी तुम्ही शाळेत असता तेव्हा तो येतो, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. मीच बोलावलं त्याला. तुम्हाला ऐकायचं नव्हतं, पण मी आई आहे, मला ऐकायचं होतं. पावसानं रस्ता खचला आणि ट्रक दरीत गेला. फिलिपचे पाय खाली अडकले. दाऊद मागं बसलेला, त्याचा खांदा मोडला. वर यायला जागा नाही, हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दोघंच. फिलिपला झोप यायला लागली. झोपला तर गेला, हे दाऊदला कळत होतं, म्हणून त्यानं त्याला बोलतं ठेवलं. म्हणाला, सांग, लढाई संपल्यावर आपली पार्टी नव्यानं बांधायची, कोणाकोणाला घ्यायचं?"

मास्तर खाली बसले.

"एकेक नाव घेत होता म्हणे. राईट आउटला कोण, यावर दोघं भांडले. पोट सुटलेले फुलबॅक काढायचे की नाही, यावर भांडले. मग दाऊदनं मुद्दाम विचारलं, गोलात कोण उभा राहणार? तर फिलिप हसला. म्हणाला, ती जागा भरलेली आहे, पुढचं विचार." दयाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "हाफबॅकांपर्यंत आला आणि थांबला. त्याच्या पुढची नावं नाही झाली."

बाहेर गल्लीत कुणीतरी शेळी हाकत होतं. मास्तरांनी विचारलं, "इतके महिने तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

सोमवारी शाळा सुटताच मास्तर जवळजवळ धावतच कारखान्यावर गेले. तंबाखूच्या खोलीबाहेर कानिफनाथ भेटला.

"कानिफ, मी काल म्हणालो ते धरू नकोस. दाऊद राहू दे."

कानिफनाथचा चेहरा पडला. "मास्तर, सकाळीच सांगितलं की हो शेठला. शेठनी लगेच जबलपूरला तार धाडली. पगार ठरवून नवा गोलकीपर मागवलाय. आन् दाऊदला दुपारीच निरोप दिला." तो जरा थांबून म्हणाला, "म्या शेठला तुमचंच नाव सांगितलं. मास्तर म्हनत्यात म्हनलं, मंग शेठनी दुसरं काय इचारलंच न्हाई."

पार्टीतून गेला म्हणजे कारखान्यातूनही गेला. तंबाखू तोलायला खांदा लागतो. मोडक्या खांद्याच्या गड्याला खेळाशिवाय कुणी ठेवणार नव्हतं.

दाऊदच्या घरी त्याची आई इमामबी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मास्तरांना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "या मास्तर" म्हणाली, पण हात थांबवले नाहीत. आत दाऊद पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होता. उजव्या हातानं घडी घालायचा आणि डाव्या हातानं नुसती दाबून धरायचा.

"मनमाडला चाललो," तो म्हणाला. "मामू रेल्वेच्या गोदामात आहे. काहीतरी बघतो म्हणालाय."

"दाऊद, ते मी बोललो होतो."

"मला माहीत आहे." तो रागावला नव्हता. रागावला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "तुम्ही बरोबरच बोललात मास्तर. हात खांद्याच्या वर जात नाही. मला वाटलं होतं, खेळत राहिलो तर सुटेल. मी स्वतःच जायला हवं होतं. पण हिरवा सदरा अंगातून काढवत नव्हता."

"मी खेळासाठी बोललो नाही," मास्तर म्हणाले. हे त्यांनी जन्मात कुणापुढं उच्चारलं नव्हतं. शब्द एकेक करून बाहेर आले. "तू परत आलास आणि तो आला नाही, म्हणून बोललो."

पेटीवरचा दाऊदचा हात थांबला. दारातला विड्यांचा आवाजही थांबला. 

"तेही मला माहीत होतं," दाऊद अखेर म्हणाला. "तुम्ही छत्री उघडायचात ना, तेव्हा कळायचं."

मास्तर खाली जमिनीवर बसले. "आता सांग. काय झालं ते तुझ्या तोंडून सांग. मी ऐकतो. हवं तेवढा वेळ बसतो."

दाऊदनं मान हलवली. "नाही मास्तर. जानेवारीत आलो तेव्हा सगळं ओठावर होतं. तुम्ही आत गेलात. मग दयामावशीला सांगितलं, अगदी पहिल्यापासून. एकदा सांगताना जे झालं माझं, ते पुन्हा नाही होऊ द्यायचं मला. तुम्ही मावशीला विचारा." त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि त्याला गुडघा टेकवून कडी घातली. "माझ्याकडून आता नाही व्हायचं."

मास्तरांनी त्याची पेटी उचलायला हात पुढं केला. दाऊद म्हणाला, "राहू द्या," आणि उजव्या हातानं ती स्वतःच उचलली. इमामबीनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मास्तरांना कुठं उभं राहावं ते कळेना, म्हणून ते भिंतीला लागून उभे राहिले. दाऊद गल्लीच्या टोकाला वळला. वळताना त्यानं मागं बघितलं नाही.

महिन्याभरानं जबलपूरचा गोलकीपर आला. उंच, हसरा, दोन्ही हातांनी चेंडूवर झेप घेणारा. भोपाळचा एक फॉरवर्डही आला. पोट सुटलेल्या फुलबॅकांपैकी एकाला शेठनी शेवटी घरी बसवलं. डिसेंबरातल्या एका रविवारी पोपट पार्टीनं छावणीच्या फौजी संघाला तीन-एकनं हरवलं. वर्षातला पहिला विजय. दोरीपाशी पुन्हा माणसांच्या दोन रांगा लागल्या होत्या. लोकांनी कानिफनाथला खांद्यावर घेतलं. कुणीकुणी गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी आले, त्यांचा हात हातात घेऊन हलवत म्हणाले, "मास्तर, तुमचं बोलणं खरं ठरलं! पार्टी उभी राहिली!" गनीभाई तेवढा लांबून बघत होता. त्यानं मास्तरांना चहाला बोलावलं नाही.

मास्तर मैदानामागच्या वाटेनं घरी आले. दयाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गलका त्यांच्या कानावर आला असावा.

"कोण जिंकलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आपण," यशया मास्तर म्हणाले.

दयाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. मास्तर पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "राईट आउटला कोणाचं नाव घेतलं होतं त्यानं? ते तू सांगितलं नाहीस."

दयाबाईंनी ते सांगितलं. मग पुढचं नाव. मास्तर प्रत्येक नावाला मान डोलावत होते. हाफबॅकांपाशी त्या थांबल्या, तेव्हा मास्तरांनी आणखी काही विचारलं नाही.