वडिलांच्या सभेचे टेबल

मित्रांनो, मी नातोरा लाकडाचे एक जुने टेबल आहे. वानुआतूमधल्या एका लहान बेटावर, प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीच्या सभाघरात माझी हयात गेली. मला कालमेत सुताराने घडवले. तो मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठही होता. आमच्याकडे वडील मंडळीनेच निवडायचे असतात, आणि पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, एकट्याने निकाल द्यायचा नसतो. वडिलांसोबत, माझ्याभोवती बसून द्यायचा असतो.

मला पाहून गावचे सरदार म्हणाले, "अरे, हे तर गोल! मी बसू कुठं?"

"जागा मिळेल तिथं," कालमेत म्हणाला. सरदार हसले, पण थोडेसेच.

मोठ्या वादळाच्या वर्षी चर्चचे पत्रे उडाले. पुढे त्यांतले चार लेइविआ नावाच्या विधवेच्या झोपडीवर दिसले. पाळक मासिंग यांनी रविवारी भर उपासनेत सांगून टाकले, "लेइविआने पत्रे चोरले. तिला प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सात वडिलांत लेइताऊ ही एकटी बाई. पण बाई असली तरी तीही मंडळीची वडीलच. तिने माझ्यावर हात आपटला.

"पाळकसाहेब, तिला विचारलंत?"

"सगळं गाव बोलतंय, मावशी."

"गाव तर माझ्या नवऱ्यालाही शहाणा म्हणायचं! तिला विचारलंत का, तेवढं सांगा."

मते घेतली. लेइताऊच्या बाजूने फक्त म्हाताऱ्या कालमेतचा हात वर आला.

"मग मी प्रेस्बिटरीकडे जाते," ती म्हणाली. प्रेस्बिटरी म्हणजे आसपासच्या बेटांवरच्या पाळकांची आणि वडिलांची सभा. तिने माझ्यावरच कागद ठेवून अर्ज लिहिला. गावाची अब्रू वेशीवर टांगली म्हणून दोन महिने बाजारात तिच्या शेजारी कुणी बसेना. कुणीतरी तिचे तारोचे कंदही उपटून टाकले.

शेवटी प्रेस्बिटरीचे चार जण होडीतून आले. त्यांनी लेइविआला बोलावले. ती म्हणाली, "पत्रे माझ्या बागेत येऊन पडले होते. पोरं भिजत होती. मी पाळकांच्या बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, राहू देत सध्या."

पाळकांची बायको दारात चहा घेऊन उभी होती. "हो, मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "पण यांनी सगळ्यांपुढं सांगून टाकलं, मग माझी बोलायची हिंमत झाली नाही."

पाळकांनी मान खाली घातली. निकाल फिरला.

चर्चमधले टेबल वादळात मोडले होते, म्हणून त्या रविवारी मलाच तिथे नेले. पाळकांनी निकाल वाचला. तेवढ्यावर थांबता आले असते, पण ते म्हणाले, "मी चुकलो." मग लेइताऊने माझ्यावरची भाकर उचलली आणि लेइविआपर्यंत नेली.

आता सभाघरात प्लास्टिकची टेबले आली आहेत. मी स्वयंपाकघरामागे उघड्यावर उभे आहे. पानांत गुंडाळून भाजायच्या लापलापसाठी बायका माझ्यावर तारो किसतात. त्याचे दुःख नाही. पण एक पाय वाळवीने पोखरला आहे. मित्रांनो, जुन्या लाकडाला सावलीत ठेवा, वेळेवर तेल द्या. आणि कुणाला दोष देण्याआधी त्याला बोलावून विचारा. लेइविआला तेवढे न विचारल्यामुळे लेइताऊला दोन महिने बाजारात एकटीने बसावे लागले.