एकशे साठ पौंडांची चाचणी

आमच्या क्लबात बॉयलरच्या कागदावर दोन सह्या लागतात. पहिली तपासनिसाची, दुसरी समितीतल्या कुणाची तरी. पर्सी हॉल्डस्वर्थच्या बॉयलरच्या कागदावर दुसरी सही माझी आहे. म्युरिअल शॉ, चिटणीस. अक्षर सुरेख आहे, कारण मी जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवण्याचंच काम केलं.

कारखाना बॉयलरचा होता. अर्धं गाव तिथे होतं, आणि उरलेलं अर्धं तिथल्या पगारावर. एकोणऐंशी साली तो बंद पडला, तेव्हा छप्पन वर्षांचा पर्सी घरी बसला. लग्न केलेलं नव्हतं. एकतीस वर्षं खोलीएवढे बॉयलर ठोकलेल्या माणसाने मागच्या अंगणातल्या शेडमध्ये हातभर लांबीचा बॉयलर करायला घेतला. आमच्या क्लबाचे बागेतल्या तळ्याभोवती छोटे रूळ आहेत. रविवारी सभासद आपापली वाफेची इंजिनं त्यावर चालवतात आणि मागच्या डब्यांवर पोरं बसवून फेऱ्या मारतात. पर्सीला तसं इंजिन हवं होतं.

चार वर्षं लागली त्याला. मी अधूनमधून पाहायला जायची. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवायचा, लोखंडी साच्यावर ठोकून कड वळवायची. दहा-वीस घाव बसले की तांबं पुन्हा ताठर होतं, मग पुन्हा तापवायचं. भट्टीचा कप्पा, त्यातून निघणाऱ्या नळ्या, भोवतीचं कवच, आणि दाबाने कप्पा चेपू नये म्हणून दोन्हींना जखडून ठेवणारे तांब्याचे बारीक दांडे. हे सगळं टाकणखार लावून चांदीच्या झाळीने जोडायचं. झाळ चुकली तर चुकलेली जागा दिसतेच असं नाही. ती दाबाखाली कळते. म्हणून चाचणी.

चाचणी घेणार होता आमचा तपासनीस ऑब्री क्रॅबट्री. आणि तिथेच सगळं अडलेलं होतं.

ऑब्री कारखान्यात चाचणी विभागाचा फोरमन होता. पर्सीचा धाकटा भाऊ क्लिफर्ड त्याच्या हाताखाली. एकसष्ट सालच्या मार्चमध्ये एका बॉयलरची चाचणी चालू असताना झाकण उडालं आणि समोर पाना घेऊन उभा असलेला क्लिफर्ड जागच्या जागी गेला. एकतीस वर्षांचा होता. बॉयलर पाण्याने भरून दाब द्यायचा असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी एक चिळकांडी उडते आणि संपतं. हवा भरून दाब दिला तर तो बॉयलर राहत नाही, बाँब होतो. त्या दिवशी आत हवा होती. चौकशीत ऑब्रीने सांगितलं की मी पाणी भरायला सांगितलं होतं, क्लिफर्डने घाईत आपल्या मनाने हवेची नळी जोडली. पर्सी म्हणाला की सकाळच्या चहाला भाऊ भेटला होता. तो म्हणाला होता, पंप दुरुस्तीला गेलाय, बॉयलर आजच्या आज पाठवायचाय, तेव्हा साहेब म्हणतात हवेवर उरका. पण तो पडला सख्खा भाऊ. त्याचं कोण ऐकणार? कागदावर दोष क्लिफर्डचा लागला.

पर्सी क्लबात आला तेव्हा आम्ही सगळे मनातून चरकलो. पण तीस मैलांत दुसरा क्लब नाही आणि तपासनिसाच्या कागदाशिवाय विमा नाही. चार वर्षं दोघं एका छपराखाली चहा प्यायले. आम्ही बाकीचे सगळे त्याला ऑब्री म्हणतो. पर्सी एकटा ‘क्रॅबट्रीसाहेब’ म्हणायचा आणि ‘तुम्ही’. त्या ‘तुम्ही’ने ऑब्री दर वेळी थोडा खाली बघायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी पर्सी गोधडीत गुंडाळलेला बॉयलर घेऊन आला. पावसाची भुरभुर होती, इंजिनं बाहेर काढलेली नव्हती, त्यामुळे पाच-सहाजणच होतो. ऑब्रीने बॉयलर टेबलावर ठेवला, सगळीकडून हात फिरवला आणि खऱ्या मनाने म्हणाला की असं काम या क्लबात आजवर आलेलं नाही. पर्सीने मान हलवली, एवढंच.

बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून कलता करून पुन्हा भरला. भोकं बुचांनी बंद केली, हाताचा छोटा पंप जोडला. चालताना ऐंशी पौंडांचा दाब राहणार, म्हणून चाचणी दुपटीची. ऑब्री पंपाचा दांडा हलवत होता आणि मी काटा वाचत होते. चाळीस, ऐंशी, शंभर, एकशे वीस. दर टप्प्यावर थांबून तो फुगवटा मोजत होता. एकशे साठला त्याने पंपाचा कॉक बंद केला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं काटा हलता कामा नये.

आठव्या मिनिटाला तो एकशे छप्पनवर होता.

ऑब्री वाकला. बॅटरी आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन त्याने भट्टीच्या आत पाहिलं. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिलं. डाव्या बाजूला एका दांड्याच्या डोक्यापाशी पाण्याचा थेंब होता, टाचणीच्या माथ्याएवढा. ऑब्रीने तो फडक्याने टिपला. आम्ही दोघं बघत राहिलो. थेंब परत आला.

काम फार मोठं नव्हतं. ‘गळतंय, परत झाळ दे, पुढच्या महिन्यात आण,’ असं तो दर वर्षी दोघा-तिघांना सांगायचा. या वेळी तो काही बोलेना. त्याने एकदा पर्सीकडे पाहिलं. पर्सी टोपी हातात घेऊन खिडकीशी उभा होता. मग ऑब्रीने कॉक उघडून पंपाचा दांडा हळूच अर्धा हलवला, काटा एकशे साठवर नेला आणि मला म्हणाला, “भरताना सांडलेलं पाणी ओघळलं असेल. तुला काय वाटतं?”

“असेल,” मी म्हणाले.

त्याने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मीही केली. का केली, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. चार वर्षांचं काम होतं. ऑब्रीचा चेहरा पाहवत नव्हता. आणि वाटलं, ही एक सही घेऊन तरी हे दोघं मोकळे होतील. मिटत असेल तर मिटू दे.

पर्सीने कागद घेतला, सावकाश वाचला.

“क्रॅबट्रीसाहेब,” तो म्हणाला, “डाव्या अंगाचा वरून तिसरा दांडा गळतोय. गुरुवारी घरी पंप लावला तेव्हाच दिसला होता मला.”

ऑब्रीने विचारलं, “मग आणलास कशाला?”

“तुझी सही बघायला.”

तेवीस वर्षांत त्याने पहिल्यांदा ऑब्रीला ‘तू’ म्हटलं होतं.

ऑब्री म्हणाला, “तुझ्यासाठी केलं रे. इतकी वर्षं खपलास यावर. वाटलं, तुला तरी मी अडवू नये.”

“या इंजिनामागे पोरं बसणार होती.” पर्सीचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “तेव्हा तुला घाई होती, आज दया आली. कागद दोन्ही वेळा खोटाच. पंप नव्हता त्या दिवशी कारखान्यात. होता का, सांग सगळ्यांसमोर.”

ऑब्री खुर्चीवर बसला. म्हणाला, “नव्हता. हवेवर उरक असं मीच सांगितलं क्लिफर्डला.”

पंप नव्हता हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी तो गाडीवर चढवताना मी ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून पाहिला होता. चौकशीला मला कुणी बोलावलं नाही, आणि मी आपणहून गेले नाही. माझं वय तेव्हा सव्वीस, नुकती बढती मिळालेली. कारण सांगायचंच तर एवढंच आहे.

त्याच दुपारी ऑब्री क्लिफर्डच्या बायकोकडे, एडनाकडे गेला आणि तिला सगळं सांगून आला. दुसऱ्या दिवशी मी पर्सीकडे गेले. तो कागद परत घेऊन रद्द करायचा होता. शेडचं दार उघडं होतं आणि आत एडना उभी होती, कोट घातलेली, हातात पिशवी, जणू बाजाराला जाताना वाटेत थांबली असावी. मी परत फिरणार तोच ती म्हणाली, थांब, तूही ऐक.

ऑब्री तेवीस वर्षं तिच्याकडे जात होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं. थंडीत कोळसा आत आणून टाकायचा, पन्हळी साफ करायच्या, नळ गळला तर बघायचा. त्याची बायको वारल्यावर रविवारचं दुपारचं जेवण तो एडनाकडेच जेवायचा. लोक काय काय बोलत, पण तसं काही नसावं. दोन एकटी माणसं एका टेबलाशी बसत, इतकंच.

“तुला काय मिळालं, पर्सी?” तिने विचारलं.

“खरं बाहेर आलं,” तो म्हणाला. “क्लिफर्डच्या नावावरचा डाग गेला.”

“क्लिफर्ड घाई करणारा नव्हता, हे मला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी खोटं बोललंय हेही मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ते कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं. कारण बर्फ पडला की माझ्या दारात फावडं घेऊन एकच माणूस यायचा, आणि तो तू नव्हतास.”

पर्सी म्हणाला, “तुझ्याकडे यायचा मला धीर होत नव्हता. त्याचे कपडे अजून खुंटीला असतील असं वाटायचं.”

“वर्षभरात काढले मी ते. येऊन बघितलं असतंस तर कळलं असतं.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आता माहीत नसल्याचं सोंग मला घेता येत नाही. काल तो दारात उभा राहून सांगत होता आणि माझं मटण ओव्हनमध्ये करपत होतं. त्याला आत ये म्हणता आलं नाही. जा म्हणावं लागलं. तुझं खरं तू ठेव जपून. माझं एक माणूस होतं, ते गेलं.”

पिशवी सावरत ती निघून गेली. माझ्याबद्दल तिला काही माहीत नव्हतं, म्हणून माझ्यावर रागही नव्हता. तेच मला जास्त लागलं.

पर्सी स्टुलावर बसला. बॉयलर समोरच होता, तिसऱ्या दांड्याभोवती खडूचं वर्तुळ केलेलं. मी म्हणाले, झाळ दे परत, मी दुसरा कोणी तपासनीस बोलावून घेते शेजारच्या परगण्यातून. तो म्हणाला की अर्ध्या तासाचं काम आहे, गुरुवारीच झालं असतं. गुरुवारी त्याने बर्नर पेटवलाही होता. मग विझवला.

“वाटलं होतं, एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की झोप लागेल,” तो म्हणाला.

“लागली?”

“नाही.”

तेव्हा मला राहवेना. मी पंपाचं सांगितलं. खिडकी, गाडी, चौकशी, सगळं. बोलताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, साच्याच्या कडेवरून बोट फिरवत होते.

“माहीत होतं मला,” पर्सी म्हणाला. “तू खिडकीशी बसायचीस. अंगणात कुणाची टोपी उडाली तरी तुला दिसायची. पंप दिसला नसेल असं मला कधी वाटलंच नाही.”

“मग चार वर्षं माझ्या हातचा चहा का प्यायलास?”

“चहा चांगला करतेस,” तो म्हणाला, आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं, ऊब बाहेर जात होती.

ऑब्रीने त्या आठवड्यात राजीनामा पाठवला. ज्या इंजिनांवर त्याच्या सह्या होत्या त्या सगळ्यांची विमेवाल्यांनी फेरचाचणी मागितली, आणि दोन वसंत आमचे रूळ गंजत पडले. लोकांचा राग ऑब्रीवर कमी आणि पर्सीवर जास्त होता. कुणाचीही पोरं तळ्याभोवती फिरेनाशी झाली होती ना. माझ्या सहीबद्दल समितीत चर्चा झाली. मी ऑब्रीच्या सांगण्यावर विसंबले असं ठरलं, आणि ते मी खोडून काढलं नाही. मी अजून चिटणीस आहे.

एडना शहाऐंशीत घर विकून समुद्राकाठी बहिणीकडे गेली. घर आवरायला ऑब्री आला नाही. पर्सी गेला होता, पण तिने दोन माणसं मजुरीने लावलेली होती. त्याने फाटकाशी थोडा वेळ उभं राहून पाहिलं आणि ट्रक भरायच्या आतच तो परत फिरला.